रक्तपेशी आणि रक्तवाहिन्या : पाठ न करता, पाहून समजून घेण्यासाठी

रक्ताचा धडा बहुतेकांनी दोन तक्त्यांत पाठ केलेला असतो. एका तक्त्यात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स, दुसऱ्यात धमनी, शीर आणि केशवाहिनी. परीक्षा संपली की दोन्ही तक्ते पुसले जातात. जे उरतं तेही तुटक, कारण पेशी एका पानावर असतात आणि वाहिन्या दुसऱ्या. केशवाहिनीची रुंदी माहीत नसेल तर तांबड्या पेशीचा आकार विचित्र वाटतो, आणि धमनीचा ठोका बोटाखाली नीट तपासला नसेल तर शिरेची भिंत पातळ का, हे पटत नाही. म्हणून मी हा भाग नेहमी एकत्र शिकवते आणि शक्य तितका हाताने करून घेते. इथे तोच क्रम दिला आहे. तो बदलू नका, कारण प्रत्येक पायरीला आधीचीचा आधार आहे.

साहित्य फार नाही. स्वतःचा हात, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, तेलात वापरायचं शंभरपट भिंग असलेला सूक्ष्मदर्शक, रंगवलेली रक्ताची स्लाइड आणि एखादा जुना रक्ततपासणीचा रिपोर्ट.

पायरी १ : शिरेतली झडप शोधा

हात खाली लोंबता सोडा आणि मूठ दोन-चार वेळा उघडमीट करा. पुढच्या हातावर किंवा पंजाच्या मागच्या बाजूला शिरा फुगून दिसतील. दिसल्या नाहीत तर कोपराच्या वर मऊ पट्टी हलकी बांधा. पट्टी बांधल्यावरही मनगटाची नाडी लागली पाहिजे, आणि एक-दोन मिनिटांत ती सोडायची. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, रक्तस्रावाचा किंवा गुठळ्यांचा त्रास असेल, तर पट्टी बांधूच नका.

सरळ जाणारी एखादी शीर निवडा. तिच्यावर मधूनमधून बारीक गाठीसारखे फुगवटे दिसतील, त्या झडपा. आता एका बोटाने, पंजाच्या बाजूला, शीर दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून वर कोपराकडे रक्त निपटत न्या, पुढची गाठ ओलांडा आणि हे वरचं बोट उचला. शीर गाठीपर्यंतच भरते. गाठीखालचा भाग रिकामाच राहतो, चपटा, त्वचेत बुडाल्यासारखा. वर रक्त आहे, हात खाली लोंबतो आहे, तरी ते खाली उतरत नाही. आता खालचं बोट उचला. क्षणात शीर खालून भरून येते.

इंग्लिश वैद्य विल्यम हार्वेने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच प्रयोग चित्रांसह दिला आहे. रक्त यकृतात सतत नव्याने तयार होतं आणि अवयवांत जिरून जातं, ही तोवरची समजूत होती. हार्वेने प्रयोगाच्या जोडीला हिशेबही मांडला. आजच्या आकड्यांत तो असा : हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं, मिनिटाला ७२ ठोके धरले तर सुमारे ५ लिटर. प्रौढ माणसाच्या अंगात रक्तच मुळी ५ लिटरच्या आसपास असतं. दर मिनिटाला एवढं नवं रक्त तयार होणं शक्य नाही, म्हणजे तेच रक्त फिरत असलं पाहिजे. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून मी कागदावर करून घेतेच. अभिसरण हा शब्द त्यानंतर नुसता शब्द राहत नाही.

पायरी २ : नाडी पाहा, पण वेगळ्या प्रश्नासाठी

मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी गोंधळात टाकते. ठोके मोजणं तर सगळ्यांना येतं. या वेळी लक्ष ठोक्यांवर नाही, भिंतीवर ठेवा. बोटाखाली काहीतरी ताणलं जातं आणि परत आवळतं. हृदयातून सुटलेलं रक्त त्या क्षणी मनगटाला पोचलं, असं मात्र समजू नका. बोटाला लागते ती भिंतीतून धावणारी लाट. ती रक्ताच्या कितीतरी पुढे धावते.

रक्तवाहिनीच्या भिंतीला तीन थर असतात. आत एकाच पेशीच्या जाडीचं गुळगुळीत अस्तर, मध्ये अनैच्छिक स्नायू आणि लवचीक तंतू, बाहेर संयोजी ऊतीचं आवरण. धमनी आणि शीर यांतला मुख्य फरक मधल्या थरात आहे. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचा व्यास सुमारे अडीच सेंटिमीटर. तिच्या मधल्या थरात लवचीक तंतूंची रेलचेल असते. हृदय आकुंचन पावलं की ती फुगते, हृदय सैल पडलं की ती आवळते आणि साठवलेला जोर रक्ताला पुढे देते. म्हणून दोन ठोक्यांच्या मध्येही प्रवाह थांबत नाही. रक्तदाबाचा खालचा आकडा शून्य नसून ८०च्या आसपास असतो, त्यामागे भिंतीची ही लवचीकता आहे.

धमन्या बारीक होत जातात तसे लवचीक तंतू कमी आणि स्नायू ठळक होत जातात. सर्वांत बारीक धमनिका म्हणजे शरीरातले नळच. इथे एक नियम पक्का लक्षात ठेवा : इतर सर्व तेच असताना वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट नाही, सोळा पट होतो. धमनिका किंचित आवळली किंवा सैल झाली की त्या भागाचा रक्तपुरवठा झपाट्याने बदलतो तो याच कारणाने. थंडीत बोटं पांढरी पडणं आणि धावताना चेहरा लाल होणं ही दोन्ही कामं धमनिकांची.

शिरेत दाब फारच कमी, म्हणून भिंत पातळ आणि आतली पोकळी ऐसपैस. विश्रांतीच्या वेळी शरीरातलं साठ टक्क्यांहून अधिक रक्त शिरांमध्ये असतं. धमन्या म्हणजे शुद्ध रक्त आणि शिरा म्हणजे अशुद्ध रक्त, हे मात्र पाठ केलं असेल तर सोडून द्या. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेलंच रक्त असतं. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर.

पायरी ३ : नखाखाली केशवाहिन्या

हात हृदयाच्या उंचीवर धरा. बोटाचं नख पाच सेकंद दाबा, पांढरं पडेल. सोडा आणि मोजा. निरोगी माणसात, हात गार नसेल तर, गुलाबी रंग साधारण दोन सेकंदांत परततो. हीच तपासणी रुग्णालयात रक्ताभिसरण कोलमडतंय का, याचा झटपट अंदाज घ्यायला वापरतात.

जो गुलाबी रंग परतला तो केशवाहिन्यांतून. त्यांचा व्यास ५ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहून कमी. भिंत म्हणजे नुसतं अस्तर, पेशींचा एकच थर आणि त्याखालचा पातळ पापुद्रा. स्नायू नाहीत, लवचीक तंतू नाहीत. धमनी आणि शीर यांना जोडणारी ही वाट हार्वेला दिसली नव्हती, त्याच्याकडे तसं भिंग नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या मार्सेलो मालपिघीने बेडकाच्या फुफ्फुसात ती पाहिली.

एकेक केशवाहिनी अरुंद असली तरी त्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की सगळ्यांची मिळून रुंदी महाधमनीच्या शेकडो पट भरते. नदी पसरट झाली की संथ होते, तसंच इथे घडतं. केशवाहिनीत रक्त सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी सरकतं. केशवाहिनीची लांबीही साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. म्हणजे पेशीला देवाणघेवाणीसाठी एक-दोन सेकंद मिळतात, आणि तेवढे पुरतात.

सगळीकडची भिंत सारखी नसते. स्नायूंत ती सलग असते, मूत्रपिंडात आणि आतड्यात तिला बारीक छिद्रं असतात, यकृतात आणि अस्थिमज्जेत तर अख्खी पेशी किंवा मोठे प्रथिनाचे रेणू पार होतील एवढ्या फटी असतात. मेंदूत अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जुळलेल्या असतात की अनेक औषधंही आत शिरू शकत नाहीत.

पायरी ४ : रक्ताचा पातळ थर काढणं

ही पायरी घरी करायची नाही. रक्त काढणं प्रशिक्षित माणसाचं काम. प्रत्येकाला नवी, एकदाच वापरायची सुई, हातमोजे, आणि वापरलेली सुई थेट धारदार कचऱ्याच्या डब्यात. एक सुई दोघांना वापरणं म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या आजारांना दार उघडून देणं. सोय नसेल तर तयार रंगवलेली स्लाइड घ्या आणि पुढच्या पायरीवर जा. प्रयोगशाळेत शिकत असाल तर या पायरीला पुरेसा वेळ द्या, कारण पुढचं सगळं निरीक्षण या अर्ध्या मिनिटाच्या हातसफाईवर उभं असतं.

स्वच्छ स्लाइडच्या टोकापासून साधारण एक सेंटिमीटरवर दोन-तीन मिलिमीटरचा थेंब ठेवा. थेंब मोठा घेण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि तिथेच थर जाड येतो. दुसरी, गुळगुळीत कडेची स्लाइड ३० ते ४५ अंशांत धरा, थेंबाला टेकेपर्यंत मागे आणा. रक्त कडेने आपोआप दोन्ही बाजूंना पसरेल, ते पसरू द्या. मग एकाच हालचालीत, न दाबता, न थांबता पुढे सारा. थर जिभेच्या आकाराचा यायला हवा : एका टोकाला दाट, मध्ये पातळ होत गेलेला, शेवटी पिसाच्या कडेसारखा विरळ. तो लगेच हवेत हलवून वाळवा. सावकाश वाळला तर तांबड्या पेशी कुरतडल्यासारख्या दिसतात आणि नवशिका त्यालाच आजार समजतो.

रंगवण्यासाठी लीशमन रंग सोपा. तो मिथेनॉलमध्ये असतो, त्यामुळे थर काचेवर पक्का बसवायला वेगळी क्रिया करावी लागत नाही. थर झाकेल एवढा रंग टाका, दोन मिनिटं थांबा. मग दुप्पट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ६.८चं, टाकून हलकेच मिसळा आणि सात ते दहा मिनिटं ठेवा. वर धातूसारखी चकचकीत साय येईल. आता चूक होते ती इथे : बरेच जण आधी स्लाइड तिरपी करून रंग ओततात. ती साय थरावर बसते, आणि मग भिंगाखाली जिकडेतिकडे जांभळे कण. स्लाइड आडवीच ठेवा, वरून पाणी सोडा, साय पाण्यावर तरंगत निघून जाऊ द्या. मागची बाजू पुसा आणि स्लाइड उभी करून वाळवा.

पायरी ५ : तांबडी पेशी, शांतपणे

आधी दहापट भिंगाने फिरा. दाट टोकाला पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात, अगदी विरळ टोकाला त्या चपट्या होऊन मधला फिकटपणा हरवतात. दोन्ही जागा निरुपयोगी. पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या आहेत अशी मधली पट्टी शोधा, मग तेलाचा थेंब टाकून शंभरपट भिंग लावा.

गुलाबी चकत्या, मध्ये फिकट. फिकट भाग व्यासाच्या एक तृतीयांशाएवढा. पेशीचा व्यास सुमारे साडेसात मायक्रोमीटर, कडेला जाडी दोन-अडीच, मध्ये एकच्या आसपास. मापायला पट्टी नसेल तर शेजारचा लहान लिंफोसाइट (गोल, गडद केंद्रकाची पांढरी पेशी) शोधा. त्याच्या केंद्रकाएवढी तांबडी पेशी दिसली तर आकार ठीक.

आता मला या पायरीत सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तांबड्या पेशीचं आकारमान सुमारे ९० घन मायक्रोमीटर. तेवढाच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग ९७ चौरस मायक्रोमीटर भरेल. प्रत्यक्षात पेशीचा पृष्ठभाग आहे सुमारे १४०. म्हणजे आतल्या ऐवजाच्या मानाने कातडं जास्त आहे. ठासून भरलेली पिशवी वाकवली तर शिवण उसवते, अर्धवट भरलेली हवी तशी दुमडते. साडेसात मायक्रोमीटरची पेशी पाच मायक्रोमीटरच्या केशवाहिनीतून जाते ती अशी दुमडून. प्लीहेत तर तिला एक-दोन मायक्रोमीटरच्या फटींतून जावं लागतं. म्हातारी, ताठर झालेली पेशी तिथे अडकते आणि तिला गिळून टाकलं जातं. हे साधारण १२० दिवसांनी घडतं.

तिला केंद्रक नाही, त्यामुळे हिमोग्लोबिनला जागा मिळते : एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू, आणि एकेक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू धरतो. मायटोकाँड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग, तेही नाहीत. ऊर्जेसाठी ती ऑक्सिजनविना ग्लुकोज तोडते, म्हणजे वाहून नेत असलेला माल स्वतः खात नाही. पण केंद्रक नाही म्हणून दुरुस्तीही नाही, आणि आयुष्य मोजकं. तूट भरायला अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी तयार होतात.

पायरी ६ : पांढऱ्या पेशी मोजणं

पांढऱ्या पेशी विरळ असतात. घन मिलिमीटरमध्ये तांबड्या ४५ ते ५५ लाख, पांढऱ्या ४,००० ते ११,०००. शंभर पांढऱ्या पेशी ओळखून नोंदवायच्या. सरळ रेषेत जाऊ नका, कडेकडेने तर नाहीच. मोठ्या पेशी थराच्या कडेला आणि टोकाला ढकलल्या जातात, त्यामुळे टक्केवारी चुकते. किल्ल्याच्या तटावरच्या कंगोऱ्यांसारखं वर, आडवं, खाली, आडवं असं सरका.

केंद्रकाचे तीन ते पाच तुकडे बारीक धाग्यांनी जोडलेले आणि भोवती फिकट, बारीक कण : न्यूट्रोफिल, ४० ते ७५ टक्के. जवळजवळ सगळी जागा व्यापणारं गोल, गडद केंद्रक आणि भोवती निळसर किनार : लिंफोसाइट, २० ते ४० टक्के. सर्वांत मोठी, घोड्याच्या नालासारखं किंवा घडी पडल्यासारखं केंद्रक, राखी निळा पेशीद्रव : मोनोसाइट. ठळक नारिंगी कण आणि बहुधा दोन भागांचं केंद्रक : इओसिनोफिल. केंद्रकच झाकून टाकणारे काळपट जांभळे कण : बेसोफिल. शंभरांत एखादा भेटतो, अनेकदा भेटतही नाही. मोनोसाइट आणि मोठा लिंफोसाइट यांत गोंधळ होणं अगदी स्वाभाविक आहे. केंद्रकातलं रंग धरणारं द्रव्य (क्रोमॅटिन) पाहा : मोनोसाइटचं जाळीदार, सैल, लिंफोसाइटचं घट्ट गोळ्यागोळ्यांचं.

न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे तुकडे का, याचं उत्तर पुन्हा वाहिनीत आहे. ऊतीत जंतू शिरले की जवळच्या सूक्ष्म शिरांच्या अस्तरावर चिकट रेणू उगवतात. न्यूट्रोफिल त्यावर आधी अडखळत लोळतो, मग घट्ट चिकटतो, आणि दोन अस्तरपेशींच्या फटीतून स्वतःला पिळून बाहेर काढतो. अखंड गोल केंद्रक हा पेशीतला सर्वांत ताठर भाग, तो फटीत अडकला असता. माळेसारखं केंद्रक मणी-मणी करून निघून जातं.

पायरी ७ : प्लेटलेट्स

तांबड्या पेशींच्या मधल्या जागेत जांभळट बारीक ठिपके दिसतात, दोन-तीन मायक्रोमीटरचे. या पूर्ण पेशी नाहीत. अस्थिमज्जेतल्या महाकाय पेशीचे ते तुटलेले तुकडे, आयुष्य सात ते दहा दिवस. शंभरपट भिंगाखाली एका वेळी दिसतं ते एक क्षेत्र; अशा दहा क्षेत्रांतल्या प्लेटलेट्स मोजून सरासरी काढा आणि १५,०००ने गुणा. सरासरी १४ आली तर अंदाज २,१०,०००. सर्वसाधारण मर्यादा दीड ते साडेचार लाख.

शाबूत अस्तर सतत अशी द्रव्यं सोडत असतं की प्लेटलेट्स शांत राहतात, आणि त्यांतलं एक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. ते रक्तवाहिनीला सैलही करतं, या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं. अस्तर फाटलं की खालचे कोलॅजेनचे तंतू उघडे पडतात. प्लेटलेट्स त्यांना चिकटतात, आकार बदलून हातपाय फुटल्यासारख्या पसरतात, एकमेकींना बोलावतात. त्या ढिगाऱ्यावर फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. रक्त गोठतं की नाही, हे ठरवण्यात भिंतीचा वाटा पेशींइतकाच आहे.

पायरी ८ : आता रिपोर्ट हातात घ्या

उदाहरणादाखल एक रिपोर्ट धरू. हिमोग्लोबिन ९.६, पीसीव्ही (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ३१ टक्के, तांबड्या पेशी ४७ लाख. पीसीव्हीला दहाने गुणा आणि दशलक्षांतल्या पेशीसंख्येने, म्हणजे ४.७ने, भागा : ३१० भागिले ४.७, सुमारे ६६. हा एमसीव्ही, पेशीचं सरासरी आकारमान. अपेक्षित ८० ते १००. म्हणजे पेशींची संख्या ठीक, पण पेशी लहान. अशा स्लाइडवर तांबड्या पेशी लिंफोसाइटच्या केंद्रकापेक्षा लहान आणि मधला फिकटपणा एक तृतीयांशाहून मोठा दिसायला हवा. लोहाची कमतरता आणि थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक असणं, दोन्हींत असं चित्र येऊ शकतं. म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवरून लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या सांगितल्या तर त्या करा.

दुसरं उदाहरण. पांढऱ्या पेशी १२,०००, न्यूट्रोफिल ८० टक्के, लिंफोसाइट १५ टक्के. रिपोर्टवर लिंफोसाइटसमोर 'कमी' असा बाण येतो आणि घरचे घाबरतात. गुणाकार करा : १२,०००चे १५ टक्के म्हणजे १,८००. प्रौढांसाठी हा आकडा ठीकच आहे. वाढले आहेत ते न्यूट्रोफिल, ९,६००. त्यामुळे बाकीच्यांची टक्केवारी फक्त आक्रसली आहे. टक्केवारी वाचण्याआधी प्रत्यक्ष संख्या काढायची सवय लावा.

आणि तिसरं, जिथे स्लाइडशिवाय उत्तरच मिळत नाही. यंत्राने प्लेटलेट्स ६०,००० दाखवल्या, पण अंगावर एकही डाग नाही, हिरड्यांतून रक्त नाही, ताप नाही. अशा वेळी थराच्या विरळ टोकाला जा. काही जणांच्या रक्तात ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) जांभळ्या झाकणाच्या नळीतच प्लेटलेट्सचे पुंजके बनतात. यंत्र पुंजक्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही, आकडा खोटाच कमी येतो. टोकाला असे पुंजके दिसले तर तसं रिपोर्टवर लिहायचं आणि सायट्रेटच्या निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा नमुना मागवायचा. त्या नळीत आधीच द्रव असल्याने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आलेला आकडा १.१ने गुणायचा.